मामाजींची बाग बंद करू नका, गच्चीवरून खाली आणा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सासरे, म्हणजे तुमचे मामाजी, ७८ वर्षांचे, बीपीची आणि शुगरची गोळी चालू, अकोल्याचा उन्हाळा आणि ते भर दुपारी दोन वाजता पाइप घेऊन गच्चीवर. पाणी कमी पितात, जेवण निम्म्यावर आलंय. सासूबाई गुडघ्यांनी बेजार असूनही कुरडयांचा घाट घालून बसल्यात, आणि तुमचे मिस्टर म्हणतात की कुंड्याच देऊन टाकू, कटकटच नको. तुम्ही विचारलंय की बाग बंद करावी का आणि या दोघांना खायला-प्यायला काय द्यावं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, रिटायर झाल्यापासून घरोघरी जाऊन वयस्कर माणसांचं बघते, तेही अमरावतीत, म्हणजे ऊन तुमच्यासारखंच. स्वतःचीही बाग आहे. तर आधी सरळ सांगते, बाग बंद करू नका. ज्या घरात म्हाताऱ्या माणसाचं काम असं अचानक काढून घेतात तिथं तो माणूस पुढचे दोन-तीन महिने खाटेवर काढतो, पायातली ताकद जाते, भूक तर आणखीच जाते, आणि मग बाथरूमला जाताना पडतो. कुंड्या विकून कटकट संपत नाही, फक्त दुसरीकडून सुरू होते. काम राहू द्या, त्याची वेळ, जागा आणि उंची बदला.

आता ते दुपारीच का जातात ते बघा. हट्टीपणा म्हणून सोडून देऊ नका, त्यामागं कारण असतं. दुपारी पानं माना टाकतात. खिडकीतून नाहीतर जिन्यातून त्यांना ती दिसतात, आणि ज्या माणसानं आयुष्यभर झाडं वाढवली त्याला ते बघवत नाही. पण ४४ डिग्रीत पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं त्या वेगानं ओढू शकत नाहीत, म्हणून मातीत ओल असली तरी पान झुकतं. संध्याकाळी सातला तेच झाड परत ताठ झालं तर त्याला काहीही झालेलं नाही. मातीत बोट दोन पेरं घालून बघायचं, आत गार-ओलं लागलं तर पाणी घालायचंच नाही. उलट दुपारी घातलं तर पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं आणि तेच मुळांवर जातं. हे तुम्ही समजावू नका, सून सांगते म्हटल्यावर ऐकायचं नाही हे ठरलेलंच असतं. त्यांना म्हणा, मामाजी, मला कळत नाही की ही कोमेजलीत की नुसती झुकलीत, संध्याकाळी आपण दोघं बघू का. एक-दोन दिवसांत तेच तुम्हाला शिकवायला लागतील.

वेळ म्हणजे सकाळी सहा ते साडेसात, आणि लागलंच तर सूर्य मावळल्यावर थोडं. सकाळी घातलेलं पाणी कुंडीत दिवसभर पुरतं, पण त्यासाठी माती उघडी ठेवायची नाही. सुका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाचं पाचट, गव्हाचा भुसा, जे मिळेल त्याचा दोन-तीन इंचाचा थर मातीवर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका. मोठ्या कुंडीत किंवा जुन्या ड्रमात एक छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवा, भाजलेलं पण रंग न दिलेलं, त्यात पाणी भरून वर झाकण. ते हळूहळू झिरपत राहतं आणि रोज झारी उचलायची गरज पडत नाही. झाकण मात्र विसरू नका, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच. कूलरच्या टाकीचंही तेच, आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची.

जागा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, तिथं कुंडीची मुळं अक्षरशः शिजतात, आणि काळं प्लास्टिक असेल तर बघायलाच नको. म्हणून अर्ध्या कुंड्या खाली आणा, घराच्या पूर्वेला अंगण, ओटा, गॅलरी जे असेल तिथं. सकाळी दहापर्यंतचं ऊन पालेभाज्यांना, पुदिन्याला, तुळशीला भरपूर झालं. मोगऱ्याला मात्र ऊन लागतं, तो फुलतोच या दिवसांत, त्याला सावलीत कोंबलं तर मामाजी तुम्हाला माफ करणार नाहीत, त्याला निदान अर्धा दिवस ऊन मिळेल असा कोपरा द्या. वर काय ठेवायचं? बोगनवेल, कोरफड, सदाफुली, कढीपत्ता, मोठ्या ड्रमातलं लिंबू. ही सगळी विटांवर उचलून एकमेकांना चिकटवून ठेवा आणि वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. या वरच्या कुंड्यांना टाकीवरून साधं ठिबक जोडून द्या, ते काम तुमच्या मिस्टरांना द्या, नाहीतरी त्यांना कटकट नकोय. मे महिन्यात खत, कुंडी बदलणं, छाटणी यातलं काहीही नको.

उंचीचं कोणी बोलत नाही आणि माझ्या दृष्टीनं ते सगळ्यात महत्त्वाचं. उकिडवं बसून खुरपायचं आणि मग एकदम उभं राहायचं, बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाला यात सहज चक्कर येऊ शकते. त्यात पाणी कमी प्यालेलं असेल तर जास्तच. म्हणून एक जुना टेबल किंवा बाकडं, साधारण अडीच फूट उंच, त्यावर पसरट कुंड्या, आणि समोर हात असलेली मजबूत खुर्ची, ती वाकणारी पातळ प्लास्टिकची नको. बसून काम, उठताना खुर्चीचे हात धरून उठायचं, दहा आकडे मोजून मग चालायचं. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो वजन, ती बंद. लहान झारी, तीही अर्धीच भरलेली.

आणि चप्पल! शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाला कधीकधी चटका कळतच नाही. तापलेल्या गच्चीवर अनवाणी गेलेल्या पेशंटच्या तळव्याला फोड आलेले मी बघितलेत, आणि त्यांना ते संध्याकाळपर्यंत माहीतच नव्हतं. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालायचा, आणि रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, बोटांच्या मधून बघायचे. त्यांना वाकून दिसत नसेल तर तुमच्या पोरांना सांगा, आजोबांचे पाय बघणं त्यांचं काम. विटा-कुंड्या हलवताना आधी काठीनं ढकलायच्या, या दिवसांत गारव्याला विंचू बसलेला असतो हे तुम्हाला काय सांगायचं.

आता लावायचं काय. बाजारात चिवळ आलीच असेल, आपल्याकडच्या उन्हाळ्याची भाजी, तिच्या जुडीतले मुळं असलेले तुकडे पसरट कुंडीत नुसते दाबून द्या, ऊन जेवढं जास्त तेवढी ती खूश. घोळही तशीच. मायाळू म्हणजे पोईचा वेल गॅलरीच्या जाळीवर सोडा, गरमीत झकास वाढतो. कोथिंबीर या दिवसांत लगेच फुलावर जाते, तिच्यामागं लागू नका, त्यापेक्षा मेथी दाट पेरून बोटभर झाली की कापून घ्यायची, दोन-तीन आठवड्यांत भाजी. मामाजींना असं लवकर हातात येणारं काहीतरी पाहिजे. स्वतः काढलेली मूठभर चिवळ पानात पडली की दोन घास जास्त जातात, हे मी कितीतरी घरात बघितलंय. चिवळ चार पाण्यातून धुवा, रेती फार असते, लसणाची फोडणी आणि मुगाची डाळ घालून मऊ करा. कोणाला मूतखड्याचा त्रास असेल तर मात्र चिवळ-घोळ रोज नको, कधीतरी.

पाण्याकडे येते. वय वाढलं की तहान लागायची जाणीवच कमी होते, म्हणजे शरीराला पाणी पाहिजे असतं पण घसा कोरडा वाटत नाही, त्यामुळं तहान लागली की पितो ना, हे त्यांचं म्हणणं खरं असूनही कामाचं नाही. आणि दुसरं कारण ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत, ते म्हणजे रात्री सारखं उठावं लागतं म्हणून मुद्दाम कमी पितात. म्हाताऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटमुळं हे फार असतं, बायकांमध्ये धरवत नाही म्हणून. यावर उपाय असा की सगळं पिणं सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत आटपायचं, रात्री फक्त गोळीपुरतं. उठल्यावर एक ग्लास, बागेतून आल्यावर एक ग्लास मठ्ठा, न्याहारीबरोबर आंबील, दुपारी पाणी, चारला पन्हं किंवा लिंबूपाणी, असं कामाला बांधून टाका. बाटलीवर रेघा मारून देण्यापेक्षा हे चालतं, रेघांच्या बाटलीचा त्यांना राग येतो. दिवसभरात सगळं मिळून दीड ते दोन लिटर तरी जायला पाहिजे, आणि लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर कमी पडतंय. फक्त हार्टचा किंवा किडनीचा त्रास असून डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर माझं हे ऐकायचं नाही, डॉक्टरांचंच ऐकायचं.

बीपीची गोळी कोणती ते चिठ्ठीवर बघा. काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, उन्हाळ्यात तीच गोळी जास्त होते आणि उठल्यावर अंधारी येते. बसून आणि मग उभं करून बीपी मोजा, चार-पाच दिवसांचं लिहून डॉक्टरांना दाखवा, ते डोस बघतील. स्वतःहून गोळी बंद करायची नाही. आणि जुलाब किंवा उलट्या लागल्या तर त्या दिवशी सकाळीच डॉक्टरांना फोन करा, बीपी-शुगरच्या काही गोळ्या अंगातलं पाणी गेलेलं असताना घेतल्या तर किडनीवर ताण येतो. अशा वेळी ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवायचं, अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट असा अंदाजपंचे कारभार नको. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

जेवण कमी झालंय याची मला तेवढी काळजी वाटत नाही, पण ते काय कमी झालंय ते बघा. बहुतेक घरात वरण, दूध, अंडं कमी होतं आणि चहा-बिस्कीट वाढतं. या वयात वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन पाहिजे, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम (किडनीचं दुखणं नसेल तर). ते दुपारच्या एका ताटात बसवायला जाऊ नका. आपल्याकडं जुन्या शेतकऱ्यांच्या घरात उन्हाळ्यात मोठं जेवण सकाळी नऊ-दहालाच व्हायचं, तेच करा. सकाळी भाकर, घट्ट वरण, चिवळीची भाजी, मऊ उकडलेलं अंडं खात असतील तर ते. दुपारी हलकं, संध्याकाळी सातला परत थोडं. दात नसतील किंवा कवळी हलत असेल तर भाकर कढीत कुस्करून काला करून द्या, कढी-गोळे असले तर गोळ्यातली डाळही जाते पोटात. भिजवलेल्या मुगाचा पातळ डोसा, दूध घालून मळलेली दशमी, हे सगळं चावायला सोपं. कैरीचा तक्कू किसून करतात म्हणून तोही चालतो, तोंडाला चव येते, गूळ मात्र हात राखून.

आंबील मी अशी करते. रात्री तीन मोठे चमचे ज्वारीचं पीठ ताकात कालवून मातीच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवायचं, सकाळी दोन-अडीच ग्लास पाणी उकळायला ठेवून त्यात ते सोडायचं आणि सतत हलवत शिजवायचं, कच्चा वास जाईपर्यंत, मग जिरं, ठेचलेला लसूण, थोडं मीठ. गार झाल्यावर वरून आणखी ताजं ताक आणि कोथिंबीर. एकदम पातळ नको, पिताना ठसका लागत असेल तर जरा घट्टच. पाणी पिताना वारंवार ठसका लागतो असं दिसलं तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, गिळण्याचा प्रॉब्लेम असू शकतो.

पन्हं चांगलं, पण शुगर आहे तर गुळाचं रोज नको. उकडलेल्या कैरीचा गर, भाजलेलं जिरं, पुदिना, चिमूटभर मीठ, झालं. नारळपाण्याबद्दल सगळे विचारतात, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते वाढून बसतं, म्हणून विचारूनच. बीपीसाठी म्हणून मिळणारं ते लो सोडियम मीठही तसंच, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ते डॉक्टरांना न विचारता घरात आणू नका. आणि शिळं! ही पिढी अन्न टाकत नाही, रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खाणार. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात या गरमीत धोक्याचा, फोडणी दिली तरी सगळं विष मरत नाही. जेवणं झाली की तासाभरात उरलेलं फ्रीजमध्ये. त्यापेक्षा कमीच शिजवा, म्हणजे टाकायचा प्रश्न नाही आणि वादही नाही.

खिशातला कांदा. तुम्ही लिहिलंय की मामाजी कांदा ठेवल्यावर ऊन लागत नाही म्हणतात. कांद्यानं ऊन थांबत नाही, पण त्यावरून भांडू नका, कांदा राहू द्या खिशात आणि डोक्या-कानाला ओला सुती दुपट्टा बांधून द्या, काम तो दुपट्टा करतो. कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, बंद खोलीत नुसती दमट हवा होते. पारा चाळिशीच्या वर गेला की नुसता पंखा गरमच हवा फेकतो, तेव्हा अंगावर ओलं फडकं फिरवून मग पंखा.

आता सासूबाईंच्या कुरडया. त्याही बंद करू नका, पण गहू वाटून चीक काढायचं काम तुम्ही किंवा मिक्सरनं, शिजवायचं पहाटे, आणि सोऱ्या दाबायला पोरं. सासूबाई खुर्चीवर बसून नुसतं सांगतील, चीक शिजला का नाही, पाणी किती, मीठ किती. गच्चीवर वाळत घालायला जिना चढायचा नाही, अंगणात खाटेवर सुती कापड टाकून वाळतात छान. शिजलेला चीक गरम गरम दूध घालून दोघांना द्या, गिळायला मऊ, पण तो बहुतेक स्टार्चच असतो म्हणून मामाजींना दोन-तीन चमचेच. पापडात मीठ आणि पापडखार दोन्हीतून सोडियम जातं, त्यामुळं वर्षभर रोज एक असं नाही, सणावाराला. दुपारच्या वेळी दोघांना एकत्र बसवून चिंच फोडायला द्या. मामाजींना गच्चीपासून लांब ठेवायला याच्याइतकं भारी काही नाही, हात चालू, तोंड चालू, बारा ते चार कधी गेले कळत नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा. नेहमी नीट बोलणारा माणूस उन्हातून आल्यावर असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, झोकांड्या खायला लागला, अंग तव्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरी. तापाची गोळी द्यायची नाही, या तापावर ती काम करत नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणीही ओतायचं नाही, छातीत जातं. १०८ ला फोन, सावलीत आडवं करून कपडे सैल, अंगभर साधं पाणी ओतत राहायचं आणि पंखा जोरात, काखेत, मानेला, जांघेत गार पाण्याची फडकी. गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. साधी चक्कर, पायात गोळे, मळमळ एवढंच असेल तर सावलीत झोपवून पाय वर, घोट घोट ओआरएस, आणि अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

२५ मे पासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्या नऊ दिवसांत सकाळचं कामही साडेसहाच्या आत आटपायचं आणि वरच्या कुंड्या पूर्ण तुमच्या मिस्टरांवर. तोवर मामाजींना बियांच्या कामाला लावा. दोडका, कारलं, वालाच्या जुन्या शेंगा असतील तर फोडून, किडकं वेगळं करून, राख लावून बाटल्यांमध्ये भरायचं, वर चिठ्ठी. मृग ७ जूनच्या आसपास लागतो पण पेरायची घाई करू नका, पाऊस एकदा नीट पडून माती गार झाली की मगच वेल टोचायचे. तेव्हा गच्चीवर जायला ऊन आडवं येणार नाही, पण ओल्या जिन्यावर शेवाळ धरतं, म्हणून मे महिन्यातच जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का ते बघून घ्या. नसेल तर वेल्डिंगवाल्याला आत्ताच बोलवा, पाऊस लागला की तो सापडत नाही.